नागपूरच्या पोट्ट्यानं प्रोफेशनल गोलकीपर व्हायचं तर सुरुवात कुठून करायची

कीपर व्हायचं ठरवलंच असेल तर आधी एक हिशोब डोक्यात पक्का बसव. स्ट्रायकर १७-१८ व्या वर्षी दोन-चार गोल मारून नजरेत येतो, कीपरला मात्र कोच एवढ्या लवकर मेन टीममधे उभा करत नाही, कारण त्याच्या हातून सुटलं की मागे सावरायला कोणीच नसतं. म्हणून कीपर उशिरा तयार होतो, पण मग टिकतो पण तोच. इटलीचा दिनो झॉफ ४० व्या वर्षी कॅप्टन म्हणून १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला, इजिप्तचा एसाम अल हदरी ४५ व्या वर्षी २०१८ च्या वर्ल्ड कपमधे खेळला अन् पेनल्टी पण अडवली. म्हणजे तुला वीस वर्षांचा प्लॅन करायचा आहे, आणि त्यात कुठलाही निर्णय घेताना माझ्या मते एकच प्रश्न विचारायचा, इथे मला मॅचेस किती मिळतील? अकादमीचं नाव, जर्सीचा रंग, फोटो, हे सगळं त्याच्या नंतर.

आता मैदानावर ये. आपल्याकडची बरीच मैदानं मुरमाची, मे महिन्यात तर एकदम टणक, त्यावर पहिल्याच दिवशी उड्या मारल्या तर कोपर अन् कंबर सोलून निघते आणि मनात जी भीती बसते ती वर्षभर जात नाही. डाइव्ह शिकायची ती बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं, मग उभ्यानं, या क्रमानं. पडताना अंगाची बाजू जमिनीला लागली पाहिजे, आधी नडगीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग खांदा, कोपर कधीच खाली टेकवायचं नाही आणि पोटावर तर पडायचंच नाही. एक हात बॉलच्या मागे, एक वर, अन् खाली जमीन. शाळेच्या मैदानावर लाँग जंपचा वाळूचा खड्डा असतो, उन्हाळ्यात तिथेच शिक, आणि पाऊस पडून जमीन मऊ झाली की जुलै-ऑगस्टमधे भरपूर पड, तेव्हा चिखल झाला म्हणून घरी बसून राह्यला तर सगळ्यात चांगला सीझन गेला समज. पॅडवाली शॉर्ट आणि फुल पँट घाल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण खरं सांगू का, डाइव्ह ही शेवटची गोष्ट आहे. चांगल्या कीपरला जमिनीवर पडायची वेळच कमी येते कारण तो आधीच बरोबर जागी उभा असतो. गोल ७.३२ मीटर रुंद अन् २.४४ मीटर उंच, एवढं कोणीच हातानं झाकू शकत नाही, ते अँगलनं झाकायचं असतं. यासाठी एक लांब दोरी घे, तिची दोन टोकं दोन्ही पोस्टना बांध आणि मधला भाग ओढून बॉलपाशी धर, जो त्रिकोण होतो त्याच्या बरोबर मधे तू उभा पाहिजे. आता एक-एक पाऊल पुढे ये, दोन्ही बाजूची दोरी हाताजवळ येत जाते ते डोळ्यांनी दिसतं, हे एकदा दिसलं की विसरत नाही. बॉलची जागा बदलून परत कर, डावीकडून, उजवीकडून, जवळून. फार पुढे आला तर डोक्यावरून चिप, म्हणजे हलकेच उचललेला बॉल, जातो तेही मित्राला मारायला लावून बघ. आणि समोरच्यानं लाथ मारायच्या क्षणी तुझे दोन्ही पाय जमिनीवर थांबलेले हवेत, पळता-पळता शॉट आला तर सोपा बॉल पण जातो.

पायांचं काम टाळू नको. १९९२ साली बॅक-पासचा नियम आला तेव्हापासून आपल्या माणसानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल हातात घेता येत नाही, त्यामुळे आता ट्रायलला कोच हातांइतकेच पाय बघतो. दोन्ही पायांनी पास, रनिंग बॉलवर लांब किक, आणि सोबतच्या पोरांच्या रोंडोमधे (गोल करून पास द्यायचे अन् मधल्यानं बॉल हिसकायचा, तो खेळ) रोज घुस. जुलै २०२५ पासूनचा नवा नियम पण पाठ कर, बॉल हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो, म्हणून बॉल पकडताच मान वर करून कोण मोकळा आहे बघायची सवय लाव. आणि बोल, मोठ्यानं बोल, लवकर बोल. आपल्याकडे मैदानावर अर्धं हिंदी अर्धं मराठी चालते ते ठीक आहे पण बाहेर खेळायला गेल्यावर 'कीपर' (बॉल माझा), 'अवे' (लांब मार), 'मॅन ऑन' (मागे माणूस आहे), 'टाईम' (वेळ आहे) एवढं तरी तोंडातून आपोआप निघालं पाहिजे.

ग्लोव्हजचे दोन जोड ठेव, प्रॅक्टिसचा वेगळा अन् मॅचचा वेगळा. बोटांच्या टोकाशी थोडी जागा राहील असा साईज घे, मॅचच्या आधी तळवा ओला कर, नंतर कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळव. आपल्या उन्हात गच्चीवर टाकला तर तळव्याचं लॅटेक्स रबर तडकतं, पैसे पाण्यात. उन्हाळ्यात प्रॅक्टिस पहाटे उरकायची, पारा ४५ च्या वर जातो तिथे दुपारी मैदानावर हिंमत दाखवण्यात काही अर्थ नाही. डोक्याला मार लागला तर त्याच मिनिटाला बाहेर, कोच रागावला तरी. चेल्सीचा कीपर पेट्र चेक याची कवटी २००६ मधे एका मॅचमधे फुटली, तो परत आला पण त्यानंतर हेडगार्ड घालूनच खेळला.

मॅचेस कुठे मिळतील? शाळेत असशील तर सुब्रतो कप या शाळांच्या स्पर्धेची टीम, जिल्ह्यापासून वर जाता येतं. मग नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशनच्या लीगमधे एखादा क्लब धर. कामठीला तर फुटबॉल घराघरात आहे, रब्बानीसारखा क्लब तिथला, तिथल्या लोकांसमोर गोलात उभं राहणं हीच एक मोठी ट्रेनिंग आहे. फी परवडत नसेल तर विजय बारसे सरांनी नागपुरातच वस्तीतल्या पोरांसाठी सुरू केलेली स्लम सॉकर ही संस्था आहे, तिथे जाऊन विचार. त्यापुढे महाराष्ट्राच्या टीमची निवड विफाकडून (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) होते, ज्युनियर नॅशनल अन् राज्यांच्या टीमांमधल्या संतोष ट्रॉफीचा रस्ता तोच.

इथे माझं ठाम मत आहे. मोठ्या क्लबात तिसरा कीपर म्हणून दोन वर्षं प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन उचलण्यापेक्षा छोट्या क्लबात दर आठवड्याला गोलात उभा राहा. अर्जेंटिनाचा कीपर एमिलियानो मार्टिनेझ १७ व्या वर्षी इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला गेला, पुढच्या दहा वर्षांत त्याला सहा क्लबांना लोनवर, म्हणजे तात्पुरतं खेळायला, पाठवलं, तिथे खेळत राह्यला म्हणून २०२० मधे मेन कीपरला दुखापत झाली तेव्हा तो तयार होता, आणि २०२२ मधे अर्जेंटिनासोबत वर्ल्ड कप अन् बेस्ट कीपरचा गोल्डन ग्लोव्ह दोन्ही त्याच्याकडे.

उंचीचं टेन्शन सगळ्यांना असते. भारताचा कीपर गुरप्रीत सिंग संधू जवळपास साडेसहा फुटांचा आहे, ट्रायलला उंची बघतातच, पण १४ व्या वर्षी कोणी बुटका म्हणून काढलं तर गोल सोडू नको, वाढायला वेळ आहे. पोरींनी पण हे सगळं असंच करायचं, भारताची कीपर अदिती चौहान २०१५ मधे वेस्ट हॅमच्या महिला टीमकडून इंग्लंडमधे खेळून आली.

आईबाबांसाठी एक महत्त्वाचं. कोणी म्हणालं की पाच लाख द्या, १६ वर्षांच्या मुलाला स्पेनच्या क्लबात सही करून देतो, तर तिथूनच परत या. फिफाच्या नियमानं ठरावीक अपवाद सोडले तर १८ वर्षांखालच्या पोराचं परदेशी क्लबात रजिस्ट्रेशनच होत नाही. जन्मदाखला खरा ठेवा, वयोगटाच्या स्पर्धांत हाडांची टेस्ट होते अन् वय लपवलेलं पकडलं तर बंदी येते. ग्रॅज्युएशन सोडू देऊ नका. २०२५ मधे आयएसएल (इंडियन सुपर लीग) चा सीझन लांबला तेव्हा काही क्लबांनी पगारच थांबवले होते, अशा वेळी रेल्वे-पोलिसातली स्पोर्ट्स कोट्याची नोकरी घर चालवते, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट जपून ठेवा.

आणि व्हिडिओ आत्तापासून जमव. गोलामागून नाही, बाजूनं अन् थोड्या उंचीवरून काढ, म्हणजे तू कुठे उभा होता ते दिसेल. नुसत्या उड्या नको, बाजूनं गोलासमोर टाकलेल्या बॉलला (क्रॉसला) बाहेर आलेला, पायानं पास दिलेला, डिफेंडरला ओरडून जागेवर आणलेला असं सगळं पाच मिनिटांत बसव, आणि एक पूर्ण मॅच न कापता वेगळी ठेव, कारण समजदार कोच ती मागतोच, त्यात गोल खाल्लेला असला तरी चालते.