बेळगावहून एका दिवसात कदंबांचा गोवा : या चुका टाळा

"गोवा काय, आमच्या परसात आहे की!" बेळगाव-खानापूरकडच्या माणसाचं हे पेटंट वाक्य. हे ज्याच्या तोंडून निघतं, त्याची गाडी दुपारी हमखास भलत्या गावात उभी असते. मी कैक वर्षं ओळखीपाळखीच्या मंडळींना जुनी बंदरं आणि देवळं दाखवायला नेतोय. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक नावाची. गोव्यात एक 'वेल्हा गोवा' आहे आणि एक 'गोवा वेल्हा'. वेल्हा म्हणजे पोर्तुगीजमध्ये जुना. शब्द तेच, फक्त उलटे, आणि गावं मात्र दोन नद्यांवर. वेल्हा गोवा, म्हणजे आपलं जुने गोवे, मांडवीकाठी. आदिलशाहीचं हे शहर पोर्तुगीजांनी 1510 मध्ये घेतलं, मोठमोठी चर्चेस तिथंच. गोवा वेल्हा जुवारीच्या बाजूला, मडगाव हायवेवर. तेच कदंबांचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेल्या घराण्याचं, गोपकपट्टण. अकराव्या शतकात चंद्रपूरहून, म्हणजे आजच्या चांदरहून, राजधानी इथं आली आणि भरभराटीचं बंदर झालं. आज तिथं वर वर बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

एका वर्षी खानापूरच्या निवृत्त शिक्षकांना घेऊन गेलो. टेंपो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही, मागच्या गाडीत एका गुरुजींचा मुलगा आणि जेवणाचे डबे. कागदावर मीच 'वेल्हा गोवा' लिहून दिलं होतं. पोरानं फोनमध्ये घालताना शब्द फिरवले. दीड वाजता त्याचा फोन.

"काका, पोचलो. तुम्ही कुठं?"

"चर्चच्या दारात. तुला काय दिसतंय?"

"हायवे. आणि एक बाई वांगी विकतीय."

गोवा वेल्ह्याशेजारच्या आगशीची वांगी नावाजलेली, त्यामुळं पोरगं कुठं पोचलंय ते मला लगेच कळलं. इकडं वीस माणसं उपाशी, त्यात दोघं मधुमेहाचे. डबे यायला पाऊण तास लागला. गंमत म्हणजे आम्ही सगळे ज्या कदंबांसाठी निघालो होतो, त्यांच्या राजधानीत तो एकटाच उभा होता. येताना दोन किलो वांगी तेवढी घेऊन आला.

तेव्हापासून मी ड्रायव्हरला गावाचं नाव सांगत नाही. 'बॉम जीझस चर्च, मांडवीकाठ' एवढंच सांगतो. आणि डबे, पाणी प्रत्येक गाडीत वेगळं.

नार्वे गावाचीही हीच कथा. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडी बेटावरच्या नार्व्यात होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं, देव नदीपलीकडं डिचोलीच्या बाजूला गेला आणि त्या नव्या जागेलाही नार्वेच म्हणू लागले. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला तो या दुसऱ्या नार्व्यातल्या देवळाचा. शिलालेखही तिथंच. उगाच दिवाडीच्या फेरीबोटीच्या रांगेत जाऊन उभे राहू नका.

दुसरी चूक हावरटपणाची. "एवढं जातोय तर दूधसागर पण करूया, संध्याकाळी पणजीत बोट, आणि मिरामारला पाय भिजवू." असली यादी घेऊन येणाऱ्या तरुण मंडळींना मी सरळ सांगतो, तुम्ही बसनं जा बाबांनो. माझा क्रम ठरलेला आहे. सहाला निघायचं, अनमोड घाट उतरून तांबडी सुर्ला. मग मंगेशी, दुपारी जुने गोवे, शेवटी नार्वे, आणि साखळीवरून चोर्ला घाटानं परत. चार ठिकाणं, बस्स. चांदरचा बिनडोक्याचा नंदी कितीही खुणावत असला तरी ते दक्षिणेकडचं काम, त्याला वेगळा दिवस काढा.

तांबडी सुर्ल्याला दहा मिनिटांत सेल्फी काढून गाडीत बसणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं. बारा-तेराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ. जंगलात लपलं म्हणून वाचलं. गोव्यात सगळीकडं जांभा, आणि हे काळ्या बेसॉल्टचं. तो दगड घाटावरून उतरवला असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्याच बाजूचा की! निदान मंडपातले खांब आणि वरचं छत तरी मान वर करून बघा.

मंगेशीला "हजारो वर्षांचं देऊळ" म्हणू नका. देव मूळचा जुवारीकाठच्या कुठ्ठाळीचा, 1560 च्या सुमारास इथं प्रियोळला हलवलेला. इमारत त्याहून पुष्कळ नंतरची. कवळ्याची शांतादुर्गाही तशीच केळशीहून आलेली.

हलशी न बघता गोव्याला जाणं हीसुद्धा मी चूकच धरतो. खानापूर तालुक्यातली ही हलशी गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी. इथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आदल्या रविवारी बघून घेतलंत, की तांबडी सुर्ल्याला माझी बडबड निम्मी होते.

बारीकसारीक : शुक्रवारी जाऊ नका, जुने गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम बंद असतं. गुडघे-खांदे झाकलेले असू द्या, देवळात आणि चर्चमध्येही. चोर्ल्याची वळणं सुरू होण्याआधी मिसळ हाणू नका. गाडी धुवायला मी थांबत नाही. पावसाळ्यात दोन्ही घाटांची चौकशी आदल्या रात्री करा.

आणि परतताना बॅगेत बाटल्या नकोत. कणकुंबीच्या नाक्यावर गाडी तपासतात, आणि एकाच्या दोन बाटल्यांपायी सगळी मंडळी रात्री दहाला रस्त्यावर डास मारत बसतात. मी आता साखळीतच सगळ्यांसमोर विचारतो. कुणी गालात हसलं, की त्याची बॅग मी स्वतः उघडतो.