आईची गोळी लागू पडतेय का, हे कसं बघायचं

आईला अल्झायमरवरची, म्हणजे विस्मरणाच्या आजारावरची, डोनेपेझिल ही गोळी सुरू होऊन सहा वर्षं होतील. पहिले काही दिवस मी रोज सकाळी विचारायचे, "आई, आज वार कोणता?" तसं करू नका. अल्झायमर या गोळीने थांबत नाही, गेलेली आठवण परत येत नाही. मेंदूत ॲसिटाइलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं, उरलेलं लवकर मोडू नये एवढंच ती बघते. फायदा शोधायचा तो रोजच्या कामांत.

गोळी सुरू करण्याआधीच एक वही घाला. माझ्या पहिल्या पानावर आहे: निऱ्या स्वतः घालते, चहात साखर दोनदा टाकते, संडासला जायचं सांगते. मग दर एक तारखेला हीच कामं बघून लिहायची. डॉक्टर स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणी घेतात तेव्हा वही पुढे करा. दवाखान्यात आई घरच्यापेक्षा कितीतरी नीट बोलते.

डोस सहसा ५ मिलिग्रॅमपासून, महिना-दीड महिन्याने सोसलं तर १०. आईला १० वर मळमळ सुरू झाली, वजन ३ किलो उतरलं, म्हणून डॉक्टरांनी परत ५ वर आणलं. वजन लिहाच. नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. पडली तर त्याच दिवशी कळवा. इतर गोळ्यांची पाकिटंही दाखवा. सारखी लघवी लागण्यावरच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या या गोळीच्या नेमकं उलटं काम करतात.

"आता बंद करूया," असं भाऊ दर दिवाळीला म्हणतो. ब्रिटनमध्ये मध्यम ते तीव्र आजाराच्या २९५ रुग्णांवर हेच तपासलं, निष्कर्ष २०१२ साली आले. ५२ आठवड्यांत घसरण दोन्ही गटांत झाली, पण गोळी चालू असलेल्यांचे त्या ३० गुणांच्या चाचणीतले गुण सरासरी १.९ ने जास्त राहिले. बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात जास्त हलवावं लागलं. पुढच्या तीन वर्षांत फरक उरला नाही. फायदा लहान आहे. पण आईने संडासला जायचं सांगणं आणि न सांगणं, यात माझी अख्खी रात्र असते.

थांबवायचीच झाली तर आपल्या मनाने एकदम नको. डॉक्टरांना विचारून डोस अर्धा करा, साधारण चार आठवडे वही रोज लिहा. कामं झपाट्याने सुटू लागली तर लगेच फोन करा, गोळी पुन्हा सुरू करता येते.

आई अंथरुणाला खिळली किंवा गोळी पोटात टिकेना, तर बंद करायचं मीच विचारेन. सध्या निऱ्या मी घालते, पदर ती स्वतः खोचते. ५ मिलिग्रॅम चालू आहे.