बर्गनहून एका दिवसात फियॉर्ड: आधी डोंगर उतरा, मग पाण्यात शिरा

मी शाळेत भूगोल शिकवते. हिमनदीने कोरलेली यू आकाराची दरी आणि तिच्यात शिरलेला समुद्र, म्हणजे फियॉर्ड, ही आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची मोजदाद नाही. नॉर्वेत बर्गनहून सकाळी निघून रात्री परत येणारी ही फेरी मी दोनदा केली, आधी उलट आणि मग सुलट. दुसऱ्या खेपेला आई सोबत होती. वय ७१, गुडघे दुखरे.

टप्पे पाचच: बर्गन ते मिर्डाल रेल्वे, मिर्डाल ते फ्लोम डोंगरी रेल्वे, फ्लोम ते गुडवांगेन बोट, गुडवांगेन ते वॉस बस. वॉसहून पुन्हा रेल्वेने बर्गन. याच फेरीचं एकत्रित तिकीट मिळतं, पण पाचही तिकिटं सुटी काढता येतात आणि मी तसंच करते, कारण मग फ्लोमला किती थांबायचं ते आपल्या हातात राहतं. उन्हाळ्यात डोंगरी रेल्वे आणि बोट यांचं आरक्षण आधीच करून ठेवा. रोख रक्कम फारशी लागत नाही, कार्ड सगळीकडे चालतं.

बरेच जण ही फेरी वॉसकडून सुरू करतात. मी म्हणेन, मिर्डालकडून करा. त्या दिशेने बोट रुंद पाण्यातून निघते आणि फियॉर्ड हळूहळू अरुंद होत जातो. उलट गेलात तर सगळ्यात अरुंद भाग सुरुवातीलाच संपतो आणि पुढचं पाणी नुसतं पसरत जातं.

बर्गनहून सुटल्यावर डाव्या खिडकीशी बसा. पहिला बोगदा ओलांडला की कितीतरी वेळ पाणी त्याच बाजूला असतं. सुमारे दोन तासांनी मिर्डाल येतं. इथे गाव असं नाहीच, आजूबाजूला फक्त डोंगर. जाकीट हाताशी ठेवा, कारण स्टेशन समुद्रसपाटीपासून ८६७ मीटरवर आहे आणि बर्गनपेक्षा इथे चांगलाच गारठा असतो.

इथून फ्लोम फक्त २० किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी थेट समुद्राच्या पातळीला उतरते. तासभर लागतो. २० बोगदे आहेत, त्यातले १८ हातांनी खोदलेले. एका बोगद्यात तर गाडी डोंगराच्या पोटातच पूर्ण वळते, म्हणून कुठली बाजू चांगली यावर डोकं शिणवू नका, दृश्य बाजू बदलत राहतं. मी वर्गात हटकून सांगते ती गोष्ट वेगळी: हा रूळ नदीला तीन ठिकाणी ओलांडतो, पण पूल एकही नाही. नदीलाच रुळाखालच्या बोगद्यातून वळवलंय.

वाटेत शोसफॉसेन धबधब्याशी गाडी पाच मिनिटं थांबते. उतराच. तुषार फलाटापर्यंत येतात, फोन पिशवीत टाका. उन्हाळ्यात संगीत सुरू होतं आणि धबधब्याशेजारच्या कातळावर लाल कपड्यातली बाई नाचू लागते. तिथल्या लोककथांतली जंगलात राहणारी मोहिनी, हुल्ड्रा. आईने माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, पडेल ना ती! कुणी सांगत कसं नाही तिला?" गाडी सुटेपर्यंत तिची नजर त्या कातळावरून हलली नाही.

फ्लोमला दीड-दोन तास ठेवा. मोठी पर्यटक जहाजं लागलेली असतील तर खाण्यासाठी लांब रांगा असतात, म्हणून डबा बरोबर न्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या. स्टेशनजवळच रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, तो बोगदे खोदण्याचा इतिहास बघून घ्या.

आता बोट, दोन तासांची. शक्य असेल तर विजेवर चालणारी नवी बोट निवडा. इंजिनाची धडधड नसल्याने कड्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो, आणि बाहेरच्या बाजूने वरपर्यंत उताराची वाट आहे. आई एकही पायरी न चढता वर पोचली. आत काचेमागे बसू नका. टोपी, हातमोजे, वारा अडवणारं जाकीट, हे जुलैतही लागतं.

डाव्या काठावर उन्ड्रेडाल दिसेल, बकरीच्या दुधाच्या तपकिरी चीजसाठी ओळखलं जाणारं चिमुकलं गाव. त्यानंतर बोट डावीकडे वळते आणि नेरॉयफियॉर्ड सुरू होतो. २००५पासून हा जागतिक वारसा आहे. सगळ्यात अरुंद जागी दोन काठांत जेमतेम २५० मीटर अंतर उरतं. माझ्या फळ्यावरची आकृती इथे माझ्या दोन्ही बाजूंना उभी होती. मी आईला हिमनदी कशी सरकली ते सांगायला लागले, तर ती म्हणाली, "जरा गप्प बस, बघू दे." मग मीही बघत राहिले.

पाऊस असला म्हणून बेत रद्द करू नका. माझी पहिली फेरी पावसातच झाली, आणि तेव्हा कोरड्या दिवशी नसलेले कितीतरी झरे कड्यांवरून सुटले होते. धबधबे भरून हवे असतील तर मे-जूनमध्ये जा, बर्फ वितळत असतं.

फ्लोमला बोट चुकलीच, तर घाबरू नका: लांबलचक बोगद्यातून बस साधारण वीस मिनिटांत गुडवांगेनला जाते. फियॉर्ड हुकतो, पण घरची गाडी हुकत नाही. गुडवांगेनहून वॉसची बस तासाभराची. बोटीतून उतरल्यावर फोटोंसाठी रेंगाळू नका, आधी बसमध्ये जागा धरा. वॉसहून बर्गन सव्वा तास. आईने गाडी सुटण्याआधीच बूट काढले, पाय माझ्या मांडीवर ठेवले आणि बर्गन येईपर्यंत झोपली.