लेथची क्रॉस स्लाइड अडखळत होती

साकीनाक्याच्या गाळ्यातला जुना लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं यंत्र. क्रॉस स्लाइड म्हणजे त्यावरचा, कापायचं हत्यार आडवं सरकवणारा भाग. हँडल हळू फिरवलं की स्लाइड आधी अडायची, मग एकदम उडी. जिब, म्हणजे स्लाइडचा खेळ कमी-जास्त करणारी पट्टी, सैल करून बघितली. नुसता खेळ वाढला.

स्लाइड उतरवली तर खालची बाजू घासून आरशासारखी चकचकीत. घोळ तिथेच! इतक्या गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये तेलाला थांबायला जागा नसते, ते पिळून बाहेर पडतं आणि धातूला धातू चिकटतो. मार्किंग ब्लू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून उंचवटे शोधले, स्क्रेपरने, म्हणजे खरवडायच्या हत्याराने, चंद्रकोरीसारखे 10-15 मायक्रॉनचे उथळ खळगे पाडले, तेलदगडाने कडांचा बर, म्हणजे वर आलेली धारदार कोर, काढला. रॉकेलने स्वच्छ पुसलं.

आधी हायड्रॉलिक तेल घालत होतो. आता 68 नंबरचं (हा तेलाच्या घट्टपणाचा नंबर) स्लाइडवे तेल, म्हणजे सरकत्या भागांसाठीचं तेल. ते चिकटून राहतं. पावसाळ्यात रोज संध्याकाळी पुसून तेलाचा नवा हात, नाहीतर सकाळी गंज.