एफवायची गळती थांबवायची आहे? मग या चुका टाळा

तालुक्याच्या कॉलेजात २२ वर्षं केमिस्ट्री शिकवतोय. दिवाळीची सुट्टी संपली की एफवायचे, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचे, पाच-सहा बाक रिकामे दिसतात आणि स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य येतं, "झेपलं नसेल हो त्यांना."

पहिली चूक हीच. मुलाचं कॉलेजातल्या माणसांशी जुळतं की नाही, यावरही त्याचं टिकणं अवलंबून असतं, हे व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकानं १९७५ मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे त्यात एसटी बसच्या वेळाही धरा.

दुसरी चूक माझी स्वतःची. एक मुलगी प्रॅक्टिकल संपायच्या वीस मिनिटं आधी एप्रन घडी करून निघायची. चौथ्यांदा मी अख्ख्या बॅचसमोर झापलं, "एवढी घाई होती तर सायन्सला आलीस कशाला?" त्यानंतर ती आलीच नाही. तिच्या गावाची शेवटची गाडी पावणेपाचची होती. बॅच बदलून दिली असती तर विषय तिथेच मिटला असता.

खरी बोच पुढे आहे. विभागातल्या सीएचबीच्या, म्हणजे तासांवर पगार मिळणाऱ्या, सरांना हे सगळं ठाऊक होतं. मला सांगितलं नाही, कारण जूनमध्ये त्यांनी टाइमटेबलबद्दल काही सुचवलं तेव्हा मी म्हणालो होतो, "तुम्ही तुमचे तास घ्या." तासिका तत्त्वावरचा माणूस, पुढच्या वर्षी परत घेतील की नाही याची टांगती तलवार. विभागप्रमुखाचा, म्हणजे माझा, वाईटपणा तो कशाला ओढवून घेईल? आणि मुलं मन मोकळं करतात ती त्याच्याकडेच, कारण वयानं तो जवळचा.

आता सोमवारी चहाला आम्ही सगळे एकत्र बसतो. सीएचबीवाले आधी बोलतात, मी शेवटी. प्रश्न एकच, "मागच्या आठवड्यात कोण दिसलं नाही?" पहिले दोन महिने कोणी तोंड उघडलं नाही. मीही चहा पाजत राहिलो. शिवाय बॅचेस पाडण्याआधी डेपोतून गाड्यांच्या वेळा आणतो. एसटीवाली मुलं सकाळच्या बॅचला.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की थेट घरी पत्र धाडू नका. मुलीच्या घरी ते पत्र लग्नाचं निमित्त ठरतं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेल्या मुलाला फीसाठी खिडकीवर चारचौघांत अडवू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला म्हणजे मेंटॉरिंग झालं, असं नव्या सरांना फार वाटतं. त्यांना सगळं पंधरा दिवसांत हवं असतं, नाही जमलं की मोटिव्हेशनल स्पीकर बोलावतात.

आणि कॉलेजचं मूल्यांकन करणारं नॅक आलं म्हणून एका रात्रीत मुलांच्या मेंटॉरिंगचे साठ फॉर्म भरणाऱ्यांनो, निदान पेन तरी बदला. मागे एका फाइलीत कॉलेज सोडून गेलेल्या मुलाची मार्चमधली सही सापडली होती.