मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे गेम स्टीममध्ये जोडताना या चुका टाळा

मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा एक्सबॉक्स अ‍ॅपमधून घेतलेला गेम स्टीमच्या लायब्ररीत दिसावा, एवढीच अपेक्षा असते. पण ‘अ‍ॅड अ नॉन-स्टीम गेम’ची यादी उघडली की त्यात तो गेम सापडत नाही आणि शोधाशोध सुरू होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. प्रोग्राम फाइल्समधलं विंडोजअ‍ॅप्स हे लपवलेलं फोल्डर शोधून काढायचं, ते उघडत नाही म्हणून सिक्युरिटीत जाऊन त्याची मालकी स्वतःच्या नावावर करायची. कृपा करून हे करू नका. परवानग्या बिघडल्या की स्टोअरची अ‍ॅप्स अपडेट होईनाशी किंवा उघडेनाशी होऊ शकतात आणि आधीची स्थिती परत आणणं किचकट असतं. शिवाय या खटाटोपाचा उपयोगही नाही. तिथल्या प्रत्येक फोल्डरच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो, म्हणजे पुढच्या अपडेटला नाव बदलतं आणि स्टीमला दिलेला पत्ता चुकतो.

म्हणून आधी ड्राइव्हवर एक्सबॉक्सगेम्स नावाचं फोल्डर आहे का ते पाहा. तुमचा गेम तिथे असेल तर काम सोपं आहे. गेमच्या नावाचं फोल्डर, त्यात कंटेंट आणि त्यात गेमलाँचहेल्पर नावाची फाइल. ब्राउझ करून तीच निवडा, गेमची मूळ एक्झी (गेम चालवणारी फाइल) नको. बरेच गेम मूळ एक्झीवरून थेट सुरू होत नाहीत. जोडल्यावर लायब्ररीत नाव ‘गेमलाँचहेल्पर’ असंच येतं. असे चार गेम जोडले की चारही नोंदी सारख्याच दिसतात, म्हणून प्रॉपर्टीजमध्ये जाऊन लगेच नाव बदला.

गेम तिथे नसेल तर त्याची अ‍ॅप ओळख द्यावी लागते. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा चालवायच्या प्रोग्राममध्ये इंग्रजीत गेट-स्टार्टअ‍ॅप्स चालवा. यादीत गेमच्या नावासमोर त्याची ओळख दिसते. ओळखीत आधी पॅकेजचं नाव, मग अंडरस्कोर, प्रकाशकाचा 13 अक्षरांचा संकेत, उद्गारचिन्ह आणि शेवटी अ‍ॅपचं नाव असतं. आवृत्तीचा क्रमांक यात नसल्यामुळे अपडेटनंतरही ही ओळख टिकते. लांब ओळख तक्त्यात अर्धीच छापली जाते आणि शेवटी तीन टिंबं येतात. तशीच कॉपी केली तर गेम उघडणार नाही. आज्ञेपुढे उभी रेघ (|) आणि फॉरमॅट-लिस्ट जोडून ती पुन्हा चालवा. उद्गारचिन्हापुढचा भागही अंदाजाने लिहू नका. पुष्कळदा तिथे ‘अ‍ॅप’ किंवा ‘गेम’ असतं, पण नेहमी नाही.

आता स्टीममध्ये कोणताही एक प्रोग्राम जोडा आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटला विंडोज फोल्डरमधल्या एक्सप्लोररचा पत्ता द्या. लाँच ऑप्शन्समध्ये शेल, कोलन, अ‍ॅप्सफोल्डर, उलटी तिरकी रेघ आणि मग ती ओळख, हे सगळं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. टार्गेटच्याच चौकटीत सगळं कोंबल्यामुळे कित्येकांचं इथे अडतं.

गेम सुरू झाला तरी स्टीम लगेच ‘बंद झाला’ असं धरतं. एक्सप्लोरर निरोप पोचवतो आणि मोकळा होतो, म्हणून खेळाचे तास मोजले जात नाहीत. तास मोजायचे असतील तर यूडब्ल्यूपीहुक हे वेगळं साधन वापरा. गेम चालू असेपर्यंत ते मध्ये चालू राहतं. त्यातून गेम स्टीमला पाठवल्यावर स्टीम पूर्ण बंद करून उघडा, तोवर नोंदी दिसणार नाहीत. आणि ते डाउनलोड्समध्ये ठेवून नंतर साफसफाईत उडवू नका, कारण प्रत्येक नोंद त्याच्याच एक्झीकडे बोट दाखवत असते.

यूडब्ल्यूपी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरसाठीच्या खास स्वरूपातल्या गेमवर स्टीमचं ओव्हरले (गेमवर उघडणारी स्टीमची खिडकी) चढत नाही, त्यामागे संध्याकाळ घालवू नका. स्क्रीनशॉटसाठी विंडोज आणि जी दाबून गेम बार उघडा. एक्सबॉक्सचा कंट्रोलर बहुतेक ठिकाणी थेट चालतो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरसाठी डीएसफोरविंडोज हे साधन लावलंत तर स्टीममधला प्लेस्टेशन कंट्रोलरचा पर्याय बंद करा, नाहीतर एक बटण दोनदा दाबल्यासारखं होतं.

स्टीममधून नोंद काढली तरी गेम डिस्कवर तसाच राहतो. जागा हवी असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलात तर ओळख दिलेली नोंद चालत राहते. गेमलाँचहेल्परची मात्र तुटते. तिथे टार्गेट आणि स्टार्ट इन, दोन्ही बदला.