रेंगाळणारा ताण: कारण शोधताना या चुका टाळा

ताण महिनोन्‌महिने उतरत नाही, तेव्हा बहुतेक जण आयुष्यातील एखादी मोठी घटना आठवू लागतात आणि ती सापडली नाही की ‘मला ताण यायचे कारणच काय?’ असे म्हणून विषय सोडून देतात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये ताण देणाऱ्या ४३ घटनांची जी यादी केली, तीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि लग्नाला ५० गुण होते; परंतु १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की मानसिक त्रासाच्या लक्षणांशी अशा घटनांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींचाच संबंध अधिक घट्ट असतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की दिवसभर टाळलेले एक उत्तर आठवते, मग थकलेला हप्ता, मग बहिणीशी अर्धवट राहिलेले बोलणे, आणि दात आवळलेलेच आहेत हे बऱ्याच वेळाने लक्षात येते. संकट मोठे असो वा किरकोळ, मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सोडतातच. ते थोडा वेळ वाढणे उपयोगाचे असते, पण इशारा थांबलाच नाही तर झोप, रक्तदाब आणि प्रतिकारशक्ती यांवर परिणाम होऊ लागतो. म्हणून आठवडाभर कटकटी लिहून काढाव्यात आणि पुन्हा पुन्हा येणारी एक आधी निकाली काढावी.

दुसरी चूक म्हणजे केवळ कामाचे तास मोजणे. समाजशास्त्रज्ञ कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले, की कामाची मागणी मोठी आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा कमी, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो. घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यालाही हे लागू पडते, आणि त्याच्या थकव्याची दखल फार कमी घेतली जाते, याचे मला वाईट वाटते. अशा वेळी सुट्टीपेक्षा, निदान कामाचा क्रम स्वतः ठरवता येणे अधिक उपयोगी पडते.

थकवा घालवण्यासाठी संध्याकाळी उशिरा चहा-कॉफी घेणेही टाळावे, कारण कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

याउलट, प्रत्येक त्रासाला ‘ताणच असेल’ म्हणणेही चूकच आहे. धडधड, हातांचा कंप आणि घटते वजन ही थायरॉईडच्या अतिसक्रियतेचीही लक्षणे असतात. ती दिसल्यास डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करून घ्यावी.